टेंबलाईच्या वाटेवर बसायचं न्हाय

पैज लागली तालमीच्या कट्ट्यावर, सकाळच्या चहाला. आणि ज्याच्या पायांवर ती लागली, त्यानंच हात पुढं करून लावली.

बाळासो नुकताच सायकलवरनं रंकाळ्याला चक्कर मारून आला होता. अंगाला घाम, तोंडात शिट्टी. सायकल त्यानं तालमीच्या भिंतीला टेकवली आणि गड्यांकडं निघाला. कट्टा समोर दिसत होता, चहाची वाफसुद्धा दिसत होती. पण निम्म्या वाटेतच कंबरेपासनं पोटऱ्यांपर्यंत मुंग्यांचा लोट उतरला, पाय भिजल्या पोत्यासारखे जड झाले आणि तो तानाबाईच्या दारातल्या पायरीवर मटकन बसला. पुढं वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून. असं वाकलं की जरा वेळानं पाय परत आपले व्हायचे.

"बघा वो आण्णा, बघा!" विश्वजितनं बशीवर कप वाजवला. "आख्खा रंकाळा सायकलवर फिरतंय आन् कट्ट्यापतूर चालवंना. आरं लगा, नाटक तरी नीट बसीव की!"

विश्वजितचं कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान, घर बाळासोच्या भिंतीला भिंत लावून. दोघं लंगोटात असल्यापासनं एकमेकांना शिव्या देत वाढलेले. आण्णा तालमीचे जुने अध्यक्ष. गल्लीतल्या भांडणांचा आणि पैजांचा निवाडा त्यांच्याकडं.

नाटक म्हणाला, यात विश्वजितचं काही चुकलं नव्हतं. बाळासो धंद्यानं मंडपवाला. लाकडी वासे, लोखंडी पाइप, सतरंज्यांचे गठ्ठे आयुष्यभर पाठीवर वाहिलेले. पण गल्लीत त्याची ओळख खोड्यांची. एका शिमग्याला तो नाकात कापूस घालून अंगणात आडवा पडला होता. विश्वजित हार घेऊन आला, ढसाढसा रडला, आणि मग मड्यानं डोळा मारला. लाइट बोर्डाच्या सायबाचा आवाज काढून त्यानं निम्म्या गल्लीला मीटर ओल्या फडक्यानं पुसायला लावले होते. असल्या माणसानं पाय धरले तर लोक आधी हसणार, मग बघणार.

"नाटक नसंल तर म्हातारा झालास," विश्वजित म्हणाला. "दोनीतलं एक कबूल कर."

"म्हातारा तुझा बा." बाळासो पायरीवरनंच गुरकावला. "नव्या पाण्याला टेंबलाईपतूर चालत येतो. वाटंत बूड टेकलं तर सांगशील ते."

आषाढात गल्ली पंचगंगेचं नवं पाणी घागरींत भरायची आणि पी-ढबाक वाजवत टेंबलाईच्या टेकडीवर देवीच्या पायऱ्यांवर ओतायला न्यायची. पिपाणी आणि ढोल असं दोनच वाद्यांचं ते पी-ढबाक, पण ऐकलं की लंगडासुद्धा नाचावा. आणि गल्लीच्या पुढं नाचायचा मान बाळासोचा.

"आन् टेकडी उतरायची. खालच्या रस्त्याला लागंपतूर," विश्वजित म्हणाला.

"उतरतो की!"

"हरलास तर बायकोचं लुगडं नेसून भर चौकात आख्ख्या गल्लीला मिसळ वाढायची."

"आन् तू हरलास तर तू. तुझ्या पोटाला एक लुगडं पुरतंय का बघ, न्हायतर दोन जोड."

कट्टा खदखदला. आण्णांनी दोघांच्या हातांवर हात मारला, पैज पक्की झाली. पायरीवरनं उठताना बाळासोनं चौकट धरली, पण तीसुद्धा अशी धरली, जणू तानाबाईचं दार मजबूत आहे का ते तपासतोय.

घरात मात्र खोडी चालत नव्हती. त्याची बायको पूर्णिमानं त्याला ओढून राजारामपुरीतल्या मणक्याच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. एमआरआयच्या त्या ढोलात तो पडून आला होता आणि बाहेर येऊन 'आत कुणी तरी बेसूर ताशा वाजवतंय' असं सांगून तिथल्या पोरींना हसवूनही आला होता.

डॉक्टर अभिराम वयानं पोरगा. त्यानं फिल्म उजेडावर लावली आणि पेनानं दाखवलं.

"काका, मणक्यांच्या मधनं नसांची एक गल्ली जाते. तुमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी लोकांनी ओटे वाढवले तर मिरवणूक कशी जाणार? तसं झालंय. हाड वाढलंय, आतला पडदा जाड झालाय, आणि इथं चकतीपण बाहेर आलीय. नसा चेंगरतात."

"म्हंजे अतिक्रमण!"

"अगदी बरोबर."

"मग सायकल कशी चालवतोय मी? सगळी गल्ली मला नाटकी म्हणतीया."

"सायकलवर तुम्ही पुढं वाकता. वाकलं की ती गल्ली जराशी उघडते. ताठ उभं राहिलं, चाललं की बंद होते. म्हणून गाडा ढकलणारा माणूस चालतो आणि मोकळा माणूस बसतो. नाटक नाही हे."

पूर्णिमानं पदर सावरला. "मग आता काय करायचं, डॉक्टर?"

गोळ्या आणि व्यायाम तर करून झाले होते. डॉक्टर म्हणाला, मणक्यात इंजेक्शन देता येतं, त्यानं नसांची सूज उतरते, पण वाढलेला ओटा ओटाच राहतो. काही आठवडे, काही महिने, मग पुन्हा तेच. यांच्यासाठी खरा उपाय ऑपरेशन. मागनं छोटी चीर देऊन वाढलेलं हाड आणि पडदा कोरून काढायचा, चकतीचा तुकडा उचलायचा.

"आन् ते स्क्रू? पट्ट्या?" बाळासोचा आवाज जरा बारीक झाला.

"मणका जागेवरनं सरकला असेल तर स्क्रू आणि रॉड टाकून बांधावा लागतो. तुमचा सरकलेला नाही. अतिक्रमण काढायचं, घर पाडायचं नाही. आणि खरं सांगतो, पायातल्या कळा जातील, चालता येईल. पण पाठ थोडीफार दुखेल. ती तीस वर्षं वासे उचललेली पाठ आहे, ती नवी होणार नाही."

मग डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लघवी अडली, किंवा बसायची जागा बधिर झाली, तर वेळ बघायची नाही, वार बघायचा नाही, तडक इथं यायचं. तेव्हा तासांचा हिशेब असतो."

"येतो की," बाळासो म्हणाला, आणि विसरायच्या कामाला लागला.

कारण कोडोलीत त्याचा आतेभाऊ गणपतराव खाटेवर पडून होता. पाठीचं ऑपरेशन झालं आणि गडी उठलाच नाही, एवढंच बाळासोला माहीत होतं. एकदा बघायला गेला होता. गणपतरावाच्या पायावरची माशी त्याच्या बायकोनं हाकलली, गणपतरावानं नाही. तेव्हापासनं पाठीचं ऑपरेशन म्हणजे खाट, एवढाच अर्थ त्याच्या डोक्यात पक्का झाला होता. बाकी जगाला तो हसवून गप्प करायचा. त्या माशीला करता येत नव्हतं.

ऑपरेशनची तारीख मिळाली ती नव्या पाण्याच्या आधीची. आणि बाळासोनं आयुष्यातली सगळ्यात झकास खोडी केली. मंडपाच्या गोडाऊनमधनं, कामगाराच्या फोनवरनं, नाकात बोलत बायकोला फोन लावला.

"नमस्कार, हॉस्पिटलमधून बोलतोय. ऑपरेशन थिएटरचं मशीन दुरुस्तीला काढलंय. पेशंटला पुढच्या महिन्यात आणा. होय ताई, आम्हीच कळवू."

"बरं सायेब," पूर्णिमा म्हणाली. "त्यांना लई त्रास होतोय वो. जरा लवकर बघा की."

फोन ठेवल्यावर बाळासो नेहमीसारखा हसला नाही. पाइपांच्या ढिगावर वाकून बसून राहिला. पण डॉक्टरनं नकळत दिलेली किल्ली त्याच्या खिशात होती. गाडा ढकलणारा माणूस चालतो.

यात्रेच्या आदल्या दिवशी त्याला सायकलची सीट कळेनाशी झाली. आधी वाटलं, सीट मऊ झाली असेल. उतरून हात लावून बघितला, सीट दगडासारखीच होती. संध्याकाळी मोरीत तो किती तरी वेळ उभा राहिला. पोट तटतटलेलं, आणि थेंब थेंब. मोरीच्या भिंतीवरची हिरवी शेवाळ बघत त्याला डॉक्टरचा शब्दन् शब्द आठवला. भिंतीपलीकडं विश्वजित कुणाला तरी सांगत होता, "लुगडं कुठल्या रंगाचं आणू म्हणताय?"

"काय झालं वो?" पूर्णिमानं बाहेरनं विचारलं.

"काय न्हाय. गाणं म्हणतोय."

सकाळी पंचगंगेच्या घाटावर पी-ढबाक सुरू झालं. पोरी डोक्यावर घागरी घेऊन निघाल्या. हातगाडीवर प्रसादाची पातेली, पाण्याचे कॅन आणि पिपाणीवाल्यांच्या पिशव्या होत्या. बाळासोनं टोपी उलटी केली आणि हातगाडीचा दांडा धरला.

"आरं ए! ही लबाडी हाय," विश्वजित ओरडला. "आण्णा, ह्यो गाडा धरतोय!"

आण्णांनी विचार केला. "बसायचं न्हाय म्हटलंय. ढकलायचं न्हाय आसं कुठं म्हटलंय?"

गल्ली हसली. बाळासोनं विश्वजितला जीभ दाखवली आणि वाकून निघाला. आणि खरंच, पाय चालले. शहरातनं, पुलावरनं, गर्दीतनं तो गाड्यावर छाती टेकून चालत राहिला. चढावर तर आणखी वाकायला मिळालं. मधनंच एक हात वर करून त्यानं नाचल्यासारखं केलं, बायकांनी ओव्या थांबवून टाळ्या दिल्या. डावं पाऊल सारखं खड्यांना अडकत होतं. चप्पल ढिली झालीय, असं तो जो विचारेल त्याला सांगत होता.

वर देवीच्या पायऱ्यांवर पाणी ओतलं. विश्वजितनं लांबूनच हात जोडले. "मानला भावा तुला. पर आजून उतार हाय."

उतारावर गाडा पुढं ओढतो. त्याला मागं तोल टाकून रोखावं लागतं. बाळासो दांडा धरून मागं कलला, पाठ ताठ झाली, आणि आतली ती गल्ली कुणीतरी दार लावावं तशी बंद झाली. गाडा पिपाणीवाल्यांनी धरला म्हणून वाचला. बाळासो ओल्या डांबरावर बसला होता. पाय समोर पसरलेले, जणू कुणी दुसऱ्यानं विसरून ठेवलेले.

"बसलं! बसलं!" विश्वजितनं दोन्ही हात वर केले. पोरं शिट्ट्या मारायला लागली. "लुगडं आणा रं! मिसळीचा कट वाढा!" ढोलवाल्यानं मुद्दाम एक ठोका दिला. बाळासोही हसला. हसायची सवय होती.

मग त्यानं उठायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. धोतर भिजलं होतं. घागरींचं पाणी सगळीकडं सांडलेलं होतं, त्यामुळं ओल कशाची ते सांगता येत नव्हतं, आणि त्याला स्वतःलाही ते कळत नव्हतं. हातानं चाचपलं तेव्हा गरम लागलं.

"विश्वा, उचल मला."

"उठ की नाटक्या, हरलास त्ये मान आधी."

"हरलो. उचल की रं. मला खालचं काय कळंना झालंय."

विश्वजित अजून हसत होता, पण नुसत्या तोंडानं. त्यानं बाळासोच्या डोळ्यांत बघितलं, कापूस काढून डोळा मारणारा तो माणूस तिथं कुठं दिसतो का ते शोधत. मग त्यानं खाली वाकून त्याला पोरासारखं काखेत घेतलं. ढोल थांबला.

हॉस्पिटलात डॉक्टर अभिरामनं टाचणीनं पायाला, मांडीला टोचून बघितलं. बाळासो छताकडं बघत "न्हाय... न्हाय... जरासं... न्हाय" म्हणत राहिला.

"कधीपासून?"

"आत्ताच. टेकडीवर."

डॉक्टर टाचणी हातात धरून उभा राहिला.

"काल," बाळासो म्हणाला. "काल सायकलवर."

"मी सांगितलं होतं, काका."

"लवकर घ्या म्हटलंतं मी," पूर्णिमा रडत म्हणाली, "पर तुमचं मशीनच बंद व्हतं. तुमच्या माणसानंच फोन केलता की!"

"आमचं थिएटर कधीच बंद नव्हतं, ताई. तुम्ही तारखेला आला नाहीत म्हणून आम्हीच फोन करत होतो. काका म्हणाले, तुम्ही मुंबईला दाखवताय."

पूर्णिमानं मान वळवली. कुणाला वाटलं असतं, आता ही तोंड सोडेल, छाती बडवेल. तिनं फक्त विचारलं, "त्यो आवाज तुमचा व्हता?"

बाळासोनं मान हलवली. ती खुर्चीवर बसली आणि त्याच्या चपला पिशवीत भरायला लागली. एक चप्पल पुढनं झिजून पार फाटली होती.

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. स्क्रू नाही, पट्टी नाही, डॉक्टर म्हणाला होता तसंच. शुद्धीवर आला तेव्हा बाळासो उताणा झोपलेला होता, पाय लांब करून. पायांत एकही कळ नव्हती. गेल्या कित्येक महिन्यांत असं ताठ झोपता आलं नव्हतं. त्याला वाटलं, जिंकलो. मग त्यानं डावं पाऊल वर उचलायला सांगितलं, आणि पावलानं ऐकलं नाही. पलंगाच्या कडेला पिशवी लटकत होती, तिच्यात नळीनं पिवळं पाणी उतरत होतं.

"काही परत येईल," डॉक्टर म्हणाला. "महिने लागतील. किती येईल ते मी सांगू शकत नाही. दाबलेली नस मोकळी करता येते, मेलेली जागी करता येत नाही."

कोडोलीहून गणपतरावाचा फोन आला. फोन त्याच्या बायकोनं खाटेवर आणून दिला असणार. "बाळा, वाईट वाटलं रं. माझंबी आसंच झालतं. पाय पार गेल्यावर नेलतं मला. आदी मांत्रिक, मग त्यो हाड बसवणारा, आन् सगळ्यात शेवटाला डाक्टर."

"तुमचा पाय ऑपरेशननं गेला न्हाय?"

"छ्या! तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर पैज सगळ्यांनी सोडून दिली होती. आण्णा येऊन म्हणाले, "रद्द केली मी." विश्वजित दारात उभा राहिला, आत येईना. "चुकलं रं माझं. कशाला ते वाढवायचं आता."

"रद्द करायची न्हाय," बाळासो म्हणाला. "पैज सोडली तर मी आजारी ठरतो. हरलेला चालतोय मला."

रविवारी सकाळी पूर्णिमानं तिचं डाळिंबी लुगडं काढलं. काष्टा घालता येईना, नळी मुडपत होती. म्हणून तिनं ते सैल, गोल नेसवलं. पिशवी पोटरीला पट्ट्यानं बांधली आणि निऱ्या तिच्यावर सोडल्या. फोनची खोडी कळल्यापासनं ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. निऱ्या खोचताना मात्र थांबली.

"दिसंना आता."

"लुगड्याचा एवढा एक फायदा," तो म्हणाला. ती हसली नाही.

विश्वजितनं आणि आण्णांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून चौकात आणलं. मोठ्या पातेल्यामागं स्टूल ठेवलं होतं. पंगत बसवून वाढणं आता त्याला जमणार नव्हतं, म्हणून लोकच ताट घेऊन रांगेनं येऊ लागले. बारकी पोरं सुरुवातीला खिदळली, मोठ्यांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. बाळासो एकेकाला फरसाण, वर कट, वर कांदा घालत होता. "काय पावणं, वैनीचं लुगडं शोभतंय का?" तो प्रत्येकाला विचारत होता. लोक "शोभतंय की" म्हणायचे, आणि दोन्ही हातांनी ताट धरून लवकर पुढं सरकायचे, तेराव्याला जेवायला आल्यासारखे.

तानाबाई आली. तिचा उजवा पाय दिवाळीपासनं ओढत होता, सून तिला डॉक्टरकडं चला म्हणून मागं लागली होती. तिनं बाळासोकडं वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि सुनेकडं वळली.

"बघितलंस? म्हणून म्या कापून घेत न्हाय. धडधाकट नाचणारं पोरगं, आप्रेशन केलं आन् पाय घालवून आलं."

रांग थांबली. मागनं दोन-तीन बायका "व्हय की" म्हणाल्या.

"काकी, आप्रेशननं न्हाय गेला," बाळासो म्हणाला. "म्या उशीर केला. लघवी अडल्याली, बूड बधिर झालतं, आन् म्या नाचाय गेलतो."

"गप रं. बायकोला दवाखान्याचा आवाज काढून फसवलंस, आख्ख्या पेठंला ठावं हाय. तुझं काय खरं धरायचं? उद्या म्हणशील, ही बी गंमत हाय."

बाळासोनं पळी पातेल्यात ठेवली. स्टुलावरनं खाली वाकला आणि भर चौकात, अख्ख्या गल्लीसमोर, लुगड्याच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत वर उचलल्या. पोटरीला बांधलेली पिशवी निम्मी भरलेली होती. डावं पाऊल स्टुलाच्या पायाशी वाकडं पडलं होतं.

"हे बघ काकी. ह्यात गंमत कुठं हाय ती दाव."

मागं कुणीतरी पोरगं हसायला गेलं आणि तोंड दाबलं गेल्याचा आवाज आला. विश्वजित भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पूर्णिमा पुढं आली, पण निऱ्या खाली सोडल्या नाहीत. ती त्याच्या शेजारी नुसती उभी राहिली.

तानाबाई पिशवीकडं बघत राहिली.

"झाक ते," ती हळू म्हणाली.

त्यानं झाकलं. पळी उचलली, कटावरची तर्री बाजूला सारली आणि तिच्या ताटात ओतली. थोडा रस्सा डाळिंबी लुगड्यावर सांडला.

"फुडं या," बाळासो ओरडला. "कोण राहिलंय? फुडं या की."